लिंबी विकणे आहे

बाबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली जाहिरात वाचून मी कपाळावर हात मारून घेतला.

'विकणे आहे. जुनी स्पोर्ट्स कार. रंग लिंबाचा. फक्त दोघांना बसता येते. पाऊस आला की डावीकडून गळते. थंडीत सुरू व्हायला नखरे करते. उंच माणसांनी येऊ नये. वेळ घालवणाऱ्यांनी तर मुळीच येऊ नये.'

"बाबा, ही जाहिरात आहे की तंबी?"

"खरं तेच लिहिलंय," बाबा म्हणाले. लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून उभी हयात चष्म्याच्या दुकानात घालवलेला माणूस. गाडी विकतानाही समोरच्याच्या डोळ्यांत धूळ टाकणं त्यांना जमणार नव्हतं.

मी ती जाहिरात जरा माणसात आणली. मूळची ठेवली असती तर एकही गिऱ्हाईक फिरकलं नसतं, आणि बाबांच्या मनात तेच असावं असा आईला दाट संशय होता.

गाडी विकायचं कारण म्हणजे बाबांचे गुडघे. लिंबी इतकी बुटकी होती, की तिच्यात बसणं म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसणं. आत शिरताना बाबा कसेबसे शिरत, पण बाहेर येताना त्यांचे हाल बघवत नसत. शिवाय घरामागची शेड आईला हवी होती. ती कापडं रंगवायची आणि तिची पातेली, बादल्या, वाळत घातलेली कापडं सगळ्या घरभर झालेली. न्हाणीघरात एकदा माझे पाय निळे झाले होते. "गाडीला एवढी ऐसपैस खोली आणि मी जिन्याखाली," हे आईचं पालुपद आम्हाला पाठ होतं.

लिंबीचं इंजिन पुढे नव्हतं आणि पार मागेही नव्हतं. ते बसणाऱ्यांच्या पाठीला पाठ लावून, मधोमध होतं. त्याचा फायदा काय, हे बाबा कुणालाही, न विचारता, सांगत. "हात लांब करून जड पिशवी धर आणि गिरकी घे बघू. जमतं? आता पोर कडेवर घे आणि गिरकी घे. बघ कशी घेता येते! वजन कमरेपाशी आलं की माणूस कसाही वळतो. हिचं तसंच आहे." सामान ठेवायला पुढे एक खण आणि इंजिनामागे एक. दोन्हींत मिळून एक धड सूटकेस मावत नसे. मागचा खण तर इंजिनाच्या उबेने तापायचा. त्यात दूध नासायचं आणि ओले मोजे मात्र घरी येईपर्यंत कडक वाळायचे.

पण लिंबीला कधी मान मिळाला नाही. त्याच कंपनीची एक थोरली, जास्त ताकदीची गाडी होती. तिचे फोटो भिंतींवर लागले, आणि हिला लोक 'गरिबांची हौस' म्हणाले. आता इतक्या वर्षांनी थोरलीचे भाव आभाळाला भिडले होते. धाकटीला कोणी विचारत नव्हतं.

पहिला आलेला माणूस गॉगल डोक्यावर चढवून आला. त्याने पुढचं झाकण उघडलं, आत डोकावला आणि म्हणाला, "इंजिन कुठंय?"

"विकलं," बाबा म्हणाले.

त्या माणसाला ते खरंच वाटलं. तो गाडीत बसून निघूनही गेला. स्वतःच्या, अर्थातच. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे सगळं बघत होती.

"अहो, असं केलंत तर गाडी काय, रद्दीसुद्धा विकली जाणार नाही."

"त्याला थोरलीच हवी होती," बाबा म्हणाले. "नजरेतच दिसत होतं त्याच्या."

शनिवारी सकाळी एक बाई आल्या. तिशीच्या, केस आखूड कापलेले, पाठीवर सॅक. बसने आल्या होत्या, कारण जाताना गाडी चालवतच न्यायची असं ठरवून आल्या होत्या. दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होत्या. नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधीच त्यांनी फरशीवर आडवं होऊन गाडीच्या खाली नजर टाकली. उठल्या तेव्हा गालाला वंगण लागलेलं, आणि चेहरा असा, की जणू लहान मुलीला बाहुली मिळालीय.

"काका, गंज जवळजवळ नाहीच!"

"डावीकडून गळते," बाबा ताबडतोब म्हणाले.

"गळू दे की. टॉवेल ठेवीन."

"ताकद कमी आहे. चढावर ट्रकसुद्धा पुढे जातात."

"चढ संपला की वळणं येतातच ना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याकडची शस्त्रं संपली होती. मग त्यांनी शेवटचं काढलं, "थोरली मिळेल तुम्हाला, शोधलीत तर."

"मला थोरली नको. पेट्रोल पंपावर एकदा अशीच एक उभी असलेली पाहिली होती, तेव्हापासून हीच हवी आहे. कमावायला लागल्यापासून शोधतेय."

बाबा विरघळले. मला ते चक्क दिसलं. खिशातून त्यांनी किल्ली काढली, सगळं दाखवतो म्हणाले आणि आत बसले. इंजिन सुरू झालं, शेडचे पत्रे थरथरले. बॉनेटमध्ये लपलेले दिवे वर आले, खाली गेले, फिजिओताईंनी टाळ्या वाजवल्या. मग बाबा बाहेर यायला निघाले.

आधी एक पाय बाहेर. मग छताला हात. मग 'आई गं'. मग दुसरा हात दारावर, अंग तिरकं, एक झोका, दुसरा झोका, आणि शेवटी बाबा दोन्ही हात नि गुडघे टेकून फरशीवर.

"रोज असाच साष्टांग नमस्कार असतो गाडीला," दारात आलेली आई म्हणाली.

फिजिओताई हसल्या नाहीत. मान तिरकी करून बघत होत्या. "काका, परत बसा बरं एकदा."

"पुन्हा?"

"तुम्ही एकच पाय आधी बाहेर काढता, तिथंच चुकतंय. दोन्ही पाय जोडीने फिरवा. हां. आता पुढे सरका, अगदी कडेवर. पावलं मागे घ्या, गुडघ्यांच्या खाली. हात मांडीवर, छताला नाही. आता नाक पायाच्या बोटांच्या वर आणा."

"नाक?"

"नाक. वाका अजून. आता श्वास सोडा आणि उठा."

बाबा उठले. आवाज नाही, झोका नाही. सरळ उभे राहिले आणि जणू दुसऱ्याच कुणाला उभं केलंय अशा नजरेनं स्वतःच्या पायांकडे बघत राहिले. मग परत बसले. परत उठले. मग कुणी न सांगता आणखी एकदा. शाळेतल्या पोराने नवीन शिकलेली शिट्टी वाजवत सुटावं तसं त्यांचं चाललं होतं.

"गुडघे झिजलेत थोडे, पण वाईट नाहीत," फिजिओताई म्हणाल्या. "मांड्यांमध्ये ताकद आणली की अजून पुष्कळ वर्षं..." आणि त्या मध्येच थांबल्या. आपण काय करून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं असावं.

आईच्या तर कधीच आलं होतं. "अहो बाई, तुम्ही गाडी घ्यायला आलात की यांचे गुडघे बसवायला?"

सगळे हसलो. पण हसता हसता फिजिओताईंनी आईला विचारलं, "काकू, तुम्ही बसता की नाही हिच्यात?"

आई एक पाऊल मागे सरकली. तिची एक गोष्ट होती. फार वर्षांपूर्वी एका लग्नाला हे दोघं लिंबीतून गेले होते. हॉलच्या दारात, सगळ्या पाहुण्यांसमोर, नव्या कपड्यांतल्या आईला गाडीतून बाहेरच येता येईना. शेवटी दोन पुरुषांनी धरून तिला उपसून काढलं होतं, विहिरीतून बादली काढावी तशी. त्या दिवसापासून तिने लिंबीत पाऊल टाकलं नव्हतं. बाबा एकटेच चक्कर मारून येत. गाडीचा विषय निघाला की आई शेडचा विषय काढी.

"मला नाही जमायचं ते," आई म्हणाली.

"गाडीकडे पाठ करून उभ्या राहा. आता खाली बसा, मग पाय आत. जोडीने."

आई बसली. कशी बसली ते तिचं तिलाही कळलं नाही. मग नाक बोटांवर, श्वास बाहेर, आणि आई उभी! तिने एकदा अंगणाकडे नजर टाकली, जणू त्या लग्नातले सगळे पाहुणे तिथे उभे होते. मग परत आत बसली आणि पट्टा लावला.

"आता बसलेच आहे तर एक चक्कर मारून आणा," ती बाबांना म्हणाली. "गाडी जायच्या आधी."

"कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो," बाबा फिजिओताईंना म्हणाले.

लिंबी फाटकातून बाहेर पडली, आणि आम्ही दोघी हात हलवत उभ्या राहिलो. गिऱ्हाईक घरात आणि गाडी रस्त्यावर.

मी चहा केला. तो संपला. मी बिस्किटं काढली, तीही संपली. फिजिओताईंनी माझी मान दुखते ते ओळखलं आणि मला एक व्यायाम शिकवला. मग दुसऱ्या कुणा गिऱ्हाइकाचा फोन आला. मी पोहे परतत होते, म्हणून त्यांनीच उचलला.

"गाडी गेली," त्या म्हणाल्या. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "कुठे गेली तेच तर आम्हालाही कळत नाहीये."

जेवणाची वेळ टळून गेल्यावर लिंबी परत आली. आईचे केस सुटून सगळ्या तोंडावर आलेले, कान लाल. ती नाक बोटांवर आणून झोकात बाहेर पडली आणि मागचा खण उघडून पावांची पिशवी काढली. "अगं, हात लाव! अजून गरम आहेत. तळ्यापलीकडच्या बेकरीतून आणलेत!" मग तिने एका दमात तळं, घाटातली वळणं आणि बाबांनी मागे टाकलेला एक ट्रॅक्टर, सगळं सांगून टाकलं. आणि शेवटी म्हणाली, "ही विकायची नाही."

"अगं, त्या बिचाऱ्या सकाळपासून थांबल्यात," बाबा म्हणाले. "कशी गाडी आहे हे कळणारं माणूस आलंय. मी मनातल्या मनात शब्द दिलाय."

"मनातल्या मनातच ना?"

 फिजिओताईंनी लिंबीच्या छतावरून हात फिरवला. त्यांच्या सॅकच्या बाजूच्या कप्प्यातून गाडी चालवायचे नवेकोरे हातमोजे डोकावत होते. ते बघून मला फार वाईट वाटलं, आणि आईलाही दिसले असावेत, कारण तिचा आवाज एकदम खाली आला.

"मी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला," फिजिओताई म्हणाल्या आणि हसल्या, पण ओठांनीच.

आईने त्यांचा हात धरला. "ऐक. मी इतकी वर्षं हिच्यात बसलेच नाही गं. एवढा उन्हाळा दे मला. थंडी पडली की ये आणि घेऊन जा. भाव तोच. यांनी नाही म्हटलं तरी मी देईन."

त्यांनी विचार करायला एक पाव खाण्याएवढा वेळ घेतला. "एका अटीवर. दोघांनी रोज व्यायाम करायचा. आणि मी येऊन तपासणार."

आणि त्या खरंच येत. येत तेव्हा बाबा त्यांना लिंबी चालवायला देत, नवे हातमोजे वापरात आले, आणि फिजिओताई 'तुम्ही'ची 'तू' होऊन गेली.

त्या उन्हाळ्यात घरात कुणी सापडेना. मी माझ्या घरून फोन करायचे तर दोघं कुठल्या तरी टेकडीवर. आईने बहिणीला गाठलं, जुन्या मैत्रिणींना गाठलं, आणि प्रत्येकीच्या दारात, सगळ्यांना दिसेल अशी, सावकाश गाडीतून उतरली. मग एका बुधवारी बाबा मला हळूच म्हणाले, "तुझी आई चालवायला लागलीय. वळणावर माझा जीव मुठीत असतो." तक्रार करताना ते इतके खूश मी कधी पाहिले नव्हते.

थंडी पडली. फिजिओताई सॅक घेऊन बसने आली. लिंबी आईनेच धुऊन पुसून ठेवली होती. बाबांनी किल्ली हातात ठेवली, पाठ थोपटली, झालं. आई मात्र खिडकीला धरून गाडीबरोबर चालत फाटकापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत गेली, चोक किती ओढायचा, कुठला टॉवेल वापरायचा, सगळं सांगत. परत आली तेव्हा डोळे पुसत होती आणि त्याच डोळ्यांनी हसत होती.

शेडमध्ये आता पातेली मांडली गेली आहेत. पहिलं कापड आईने पिवळं रंगवलं.

परवा मी तिथेच होते तेव्हा फोन वाजला. घाटात गाडीचं शेपूट जरा सरकलं म्हणून फिजिओताई घाबरली होती. फोन आईने घेतला.

"वळणात ॲक्सिलरेटरवरून पाय झटक्यात उचललास ना? तसं नाही करायचं. आधीच वेग कमी कर, मग पाय स्थिर ठेव. आणि जिथं जायचंय तिथं बघ, कठड्याकडे नाही!"

बाबा सांगायला म्हणून पुढे झाले. आईने निळ्या झालेल्या हाताने त्यांना गप्प बसा अशी खूण केली, आणि ते गुमान स्टुलावर बसले.

"असं कर," आई फोनवर म्हणाली, "रविवारी गाडी घेऊनच ये. मी शेजारी बसते. हे राहतील घरी."