रविवारची उजळणी

“सर, तीव्र आम्लात पाणी घालायचं की पाण्यात आम्ल?”

प्रश्न विचारून ती ऐटीत उभी राहिली. प्रयोगशाळेच्या मागच्या टेबलापाशी खसखस पिकली. सर कुठल्याच प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी देत नाहीत, म्हणून मैत्रिणींनी तिला डिवचलं होतं, “तुझाच मामा ना? मग दाखव विचारून!”

पण आज मामाने क्षणाचाही वेळ लावला नाही.

“आम्लात पाणी. सावकाश.”

तिने मैत्रिणींकडे विजयी मुद्रेने पाहिलं. दर रविवारी मामा घरी येऊन, “बघू तुला किती येतं,” म्हणत तिच्याकडून पुढचा धडा वदवून घ्यायचा. परवा याच प्रश्नावर तिने पुस्तक न उघडताच हे उत्तर ठोकून दिलं होतं. मामा म्हणाला होता, “शाबास!”

शेजारी उभ्या असलेल्या तिच्या मैत्रिणीने, चिमणीने, चंचुपात्रातल्या आम्लात पाणी ओतलं. चर्र झालं, सगळं उसळलं आणि चिमणी किंचाळली.

प्रयोगशाळेतले काका धावत आले. तिचं मनगट नळाखाली धरून ओरडले, “आधी पाणी घ्यायचं असतं! मी दहावी नापास, पण एवढं मलाही कळतं. कोणी सांगितलं हे?”

मामाने भाचीकडे पाहिलं. उत्तर चुकलेला विद्यार्थी बाईंकडे पाहतो, तसं.

संध्याकाळी घरी आई कपड्यांच्या घड्या घालत होती, बाबा शेजारीच पेपर वाचत होते.

“मामाने पदवी कुठून आणली?”

“हळू बोल,” आई म्हणाली.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं!”

“तीन वर्षं घरी बसून होता गं. एका कागदाने कोणाचं काय बिघडतं?”

“चिमणीचं मनगट भाजलंय, आई! डोळ्यांत उडालं असतं तर? असाच कागद घेऊन कोणी दवाखान्यात सुया टोचत असेल, कोणी पूल बांधत असेल. त्यांची उजळणी कोण घेतं रविवारी?”

आईने घातलेली घडी मोडली आणि पुन्हा घातली. बाबांनी चष्मा काढून पुसला.

“हे बघ,” ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “झालं ते झालं. तू जरा पुस्तक बघून सांगत जा त्याला. म्हणून तर आम्ही रविवार ठरवला होता.”



“उद्या मी मुख्याध्यापिकांकडे जाणार आहे,” ती म्हणाली. “ते चुकीचं उत्तर माझं होतं, हे आधी सांगणार. मग सरांना ते माझ्याकडून का घ्यावं लागलं, ते.”