भूल या शब्दाखालची ओळ

"आधी खाली बस. तिच्या डोळ्यांसमोर ये, आणि मग काय सांगायचं ते सांग. उभ्याने सांगितलेलं तिला ओरडल्यासारखं लागतं."

सासूबाईंनी मला हे लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं, भांडी पुसता पुसता. 'तिला' म्हणजे माझ्या नणंदेला, यांच्या थोरल्या बहिणीला. त्या आता चाळिशी ओलांडून गेल्या आहेत. 'बुद्धीने जरा सावकाश' असं सासूबाई म्हणायच्या. कागदोपत्री त्याला बौद्धिक अपंगत्व म्हणतात. मी त्यांना वन्सं म्हणते आणि अहो-जाहो करते. बाहेर सगळे त्यांना अगं-तुगं करतात, अगदी कोपऱ्यावरचा भाजीवालासुद्धा.

सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून वन्संना काहीही सांगायचं असलं की ते काम माझ्याकडे येतं. ऑफिसातही माझं काम तेच. इस्पितळाच्या मागच्या इमारतीत आमच्या दोन खोल्या आहेत. इस्पितळाची माहितीपत्रकं ज्यांना समजायला जड जातात, त्यांच्यासाठी आम्ही ती सोपी करतो. मोठं अक्षर, एका वाक्यात एकच गोष्ट, शेजारी चित्र. कठीण शब्द टाळता आला तर टाळायचा. नाहीच टाळता आला तर ठळक छापून त्याच्याखाली अर्थ द्यायचा. दिवसभर हे निवडणं-पाखडणं करून घरी आले की मला स्वतःला तोंड उघडायचा कंटाळा आलेला असतो.

वन्सं एका लाँड्रीत मोज्यांच्या जोड्या लावतात. ढिगातून बरोबर जोडी काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही, असं लाँड्रीवाले काकाच सांगायचे. पण यंदा त्यांनी मला दुकानाबाहेर थांबवलं.

"वहिनी, एक गिऱ्हाईक परवा एक काळा आणि एक निळा मोजा घालून मीटिंगला जाऊन आलं. परत आले ते हसत आले. पण दुसऱ्यांदा नाही हसायचे."

"डोळ्यांचं काहीतरी असेल, काका. दाखवून आणते."

"दाखवा. मी थांबतो, पण फार नाही थांबता यायचं. धंदा आहे."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाले. उजव्या डोळ्याला तर उजेडापलीकडे फारसं काही दिसत नव्हतं. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "या स्थिर पडून राहायच्या नाहीत. पूर्ण भूल द्यावी लागेल." वन्सं शेजारीच बसल्या होत्या. ऑपरेशनची तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळाली. ती सोडली तर पुढची चार महिन्यांनी, आणि काका तोवर थांबणार नव्हते.

त्या संध्याकाळपासून वन्सं पुटपुटायला लागल्या. भाजी निवडताना, वेणी घालताना, सतत. आपला पत्ता, काकांचा फोन नंबर, निळा निळ्याशी, काळा काळ्याशी, आईचं नाव, पुन्हा पत्ता. मी दोन दिवस दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर बसले.

"वन्सं, हे कसलं पाठांतर चाललंय?"

"भूल देणार ना मला. पूर्ण." त्यांनी हात झटकून सगळं गेल्याची खूण केली. "मग सगळं जाईल. पाठ असेल तेवढं राहील."

भूल म्हणजे भुलणं, भुलणं म्हणजे विसरणं. त्यांच्या हिशेबात कुठे चूक नव्हती. मला उलट बरंच वाटलं. याचं उत्तर माझ्या पिशवीत तयार होतं. आमचंच पत्रक, 'ऑपरेशनच्या आधी'. त्यात 'भूल' ठळक छापला होता आणि खाली ओळ होती: भूल म्हणजे औषधाने आणलेली झोप. शेजारी पलंगावर झोपलेला माणूस आणि खिडकीत चंद्र. या ओळीवर आम्ही महिनाभर घासाघीस केली होती. मी बोट ठेवून वाचून दाखवलं.

वन्संनी माझं बोट बाजूला केलं आणि आपलं ठेवलं. "झोप," त्या म्हणाल्या.

"हो. विसरणं नाही. नुसती झोप."

"आईसारखी?"

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. त्यांनी पत्रकाची घडी करून माझ्या हातात दिली.

"आई झोपलीय. बाबू म्हणाला. झोपलेलीच नेली. मला नको."

मग त्या उठल्या आणि सासूबाईंच्या खोलीवरून चवड्यांवर चालत आपल्या खोलीत गेल्या. त्या खोलीपाशी आलं की त्या गेली दोन वर्षं अशाच चालतात. टाचा दुखत असतील म्हणून आम्ही त्यांना मऊ चपला आणून दिल्या होत्या.

रात्रीच्या जेवणाला मी यांना सगळं सांगितलं. बाबू म्हणजे हेच.

"डोळ्यांत थेंब घालायचेत म्हण आणि घेऊन जाऊ," हे म्हणाले. "एकदा लख्ख दिसायला लागलं की तीच खूश होईल."

"आणि आत गेल्यावर सुई दिसली की?"

"तोवर उरकलं असेल."

"तुम्ही त्यांना आई झोपली असं सांगितलं होतंत?"

यांनी घास ताटात परत ठेवला. "तू माहेरी होतीस. ती दारात उभी राहून विचारत होती, आई उठत का नाही, आई उठत का नाही. तेव्हा मला तेवढंच सुचलं. म्हटलं, खरं काय ते उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तिने विचारलंच नाही."

"झोपलेल्या माणसाबद्दल काय विचारणार?"

यांनी ताट बाजूला सारलं. मग हे म्हणाले, "तू सांग. माझ्याच्याने नाही व्हायचं."

"सगळं मीच सांगायचं," मी म्हटलं. टोमणा मारण्याइतकंही त्राण नव्हतं. आहे ते सांगितलं इतकंच.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी पत्रक साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, 'झोप' काढायला हवी.

"झोपेहून सोपा शब्द दाखवा मला," साहेब म्हणाले.

"सोपा आहे. पण माणूस गेला की झोपला म्हणणारी घरं आहेत. तिथल्या माणसाने हे वाचून काय समजायचं?"

"आता प्रत्येकाच्या घरात जाऊन बघायचं का, बाई?"

"एका घरात बघून आले. माझ्याच."

आमचे चित्रकार खिडकीशी पेन्सिलीला टोक करत होते. ते मान वर न करता म्हणाले, "मी तेव्हाच म्हणत होतो. ऑपरेशन सकाळी नऊला आणि खिडकीत चंद्र. मला वाटलं, आपल्या डॉक्टरांना फारच उशीर होतो."

साहेब हसले आणि पत्रक माझ्याकडे सरकवलं. "लिहून आणा. पण ओळी वाढवू नका, पानावर जागा नाही."

"चंद्र काढला की होईल जागा," चित्रकार म्हणाले.

लिहायला बसले तर सुचेना. झोप नाही, तर मग काय? मी उठून समोरच्या इमारतीत भूल देणाऱ्या डॉक्टरांकडे गेले. ते दोन ऑपरेशनांच्या मध्ये जिन्यात उभे राहून चहा पीत होते. डोळे माझ्यासारखेच ओढलेले.

"झोप आपण बोलायला म्हणतो," ते म्हणाले. "झोपलेल्याला हाक मारा, उठेल. याला कितीही हाका मारा, उठणार नाही. औषध थांबवलं की उठेल. तोवर आमच्यातलं कुणीतरी उशाशी बसून श्वास बघत असतं."

"सगळे उठतात?"

"जवळजवळ सगळे."

"जवळजवळ मला घरी समजावून सांगायचंय, डॉक्टर."

त्यांनी कपातला शेवटचा घोट घेतला. "माझ्या हातचे सगळे उठलेत. पण पुढचाही उठेलच, हे मी कुणाला लिहून देत नाही. देणारा खोटं बोलतोय असं समजा."

"त्या उठतील तेव्हा मला तिथे राहता येईल?"

"नियमात बसत नाही." ते जिना चढायला लागले आणि दोन पायऱ्यांवर थांबले. "सिस्टरना सांगून ठेवतो. बोलावलं की लगेच या, हात धुऊन. उशीर केलात तर दुसऱ्या कुणाचा तरी आवाज पडेल त्यांच्या कानावर."

सकाळी माझा जप संपेपर्यंत मी कुणाशी बोलत नाही. वन्संना ते ठाऊक आहे. डॉक्टरांशी बोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या आधीच येऊन माझ्याजवळ बसल्या होत्या आणि माझं बोट शेवटच्या मण्यावर येण्याची वाट बघत होत्या. त्यांना दुसरंच काही विचारायचं होतं, दुधाचं वगैरे. मी माळ डोळ्यांना लावली आणि ती खाली ठेवायच्या आत सांगायला सुरुवात केली, नाहीतर ते पुन्हा उद्यावर गेलं असतं.

"वन्सं, आई झोपली नव्हती. आई वारली."

"वारली म्हणजे?"

मी सवयीने सोपा शब्द शोधत होते. गेली, देवाघरी गेली. सगळ्या शब्दांतून माणूस कुठेतरी जाऊन बसलेला दिसत होता, म्हणजे परत येईलसा. "मेली," मी म्हटलं. "तिचं शरीर बंद पडलं. श्वास थांबला. मेलेलं माणूस पुन्हा उठत नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

त्या सासूबाईंच्या खोलीच्या दाराकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी हळू चालत होते."

"हो."

"तिची झोपमोड होईल म्हणून. रेडिओपण बारीक."

"माहीत नव्हतं आम्हाला."

"बाबू खोटं बोलला."

"हो. त्याला तेव्हा खूप रडू येत होतं."

"मला पण आलं असतं," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना आलं. दोन वर्षांचं होतं, सावकाश ओसरलं. दूध ओट्यावर तसंच राहिलं. मी तिथेच बसून होते. माझेही डोळे वाहत होते, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त मला कुठेतरी आडवं व्हावंसं वाटत होतं.

त्यांनी पदराने नाक पुसलं. "भूल म्हणजे ते नाही?"

"नाही. भूल म्हणजे एक औषध. ते अंगात असेपर्यंत काही कळत नाही, काही दुखत नाही. श्वास चालू असतो, आणि डॉक्टर शेजारी बसून तो बघतात. औषध थांबवलं की जाग येते."

"सगळ्यांना?"

"जवळजवळ सगळ्यांना."

"जवळजवळ," त्या म्हणाल्या. हा शब्द त्यांना येत होता. काका म्हणायचे तो, ढीग संपत आला की. "म्हणजे एखादा राहतो."

"क्वचित. फार क्वचित. तुम्ही नको म्हणालात तर नको. मी रागावणार नाही. मग डोळा आहे तसाच राहील, आणखी अंधारेल."

त्या हाताच्या पंजाकडे बघत बसल्या. आधी डाव्या डोळ्याने, मग तो झाकून उजव्याने. दूध उतू गेल्याचा वास आला, म्हणजे यांनी उठून ते तापत ठेवलं होतं आणि हे दाराआडून ऐकत उभे होते.

"तू कुठे असशील?"

"तुम्हाला जाग येईल तेव्हा तिथेच."

"डोळ्यावर पट्टी असेल. दिसणार नाहीस."

"मग बोलेन. पहिला आवाज माझा येईल. दुसऱ्या कुणाच्या आधी."

"काय बोलशील?"

"तुम्ही सांगा."

त्यांनी बराच विचार केला. "म्हण, वन्सं, झालं. मोठ्याने म्हण. हळू नको."

ऑपरेशनच्या दिवशी त्यांनी कागदावर सही स्वतः केली. नावाच्या चारही अक्षरांना मिळून पाच मिनिटं लागली आणि मागे रांग खोळंबली. भूल देणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी आत जाता जाता बजावलं, "उशाशी बसायचं. उठायचं नाही." ते बरं म्हणाले.

आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो. यांनी एकदा विचारलं, "ती माझ्याशी बोलेल ना परत?" मी म्हटलं, "त्यांना विचारा. समोर बसून विचारा." मग मी डोळे मिटले. जप ओठांवर येईना, नुसतंच बसले.

दार किलकिलं झालं आणि सिस्टरने डोकं बाहेर काढलं. "वहिनी कोण आहे इथे?"

बाकावरच्या तिघीजणी उठल्या. आपापल्या घरात आम्ही तिघीही कुणाच्या तरी वहिनीच होतो.

"मोज्यांच्या जोड्या लावणाऱ्या बाईंच्या."

बाकीच्या दोघी बसल्या. यांनी माझी पिशवी घेतली. मी नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, सिस्टरने दिलेली टोपी घातली, आणि भुईवर आखलेल्या लाल रेषेपलीकडे, अजून मिटल्या डोळ्यांनी पडलेल्या माणसांच्या खोलीकडे चालू लागले. मोठ्याने बोलायचं होतं, म्हणून चालता चालता दोनदा खाकरून घेतलं.