मेलेली हरळी जिवंत करणारा बाबा

बोरी अरबच्या ग्रामपंचायतीच्या बागेत भर मे महिन्यात तुफान गर्दी लोटली होती. तृणानंदबाबांनी दहा दिवस लावलेली कनात बाजूला केली आणि शेकडो तोंडांतून एकच "आऽऽ" निघाला. काडीसारखं वाळलेलं गवत हिरवंगार झालं होतं!

"जे जळलं, ते आम्ही जागवतो!" बाबा गरजले. "गवत काय, माणूस काय, मुळं एकच!"

याचा अर्थ बाबांनाही ठाऊक नसावा. टाळ्या मात्र कडाडल्या.

गर्दीत धनीबाई होती. तिचा नवरा रूपसिंग क्षयाने अंथरुणाला खिळलेला. गोळ्यांनी मुळं जळतात, असं बाबांनी सांगितल्यापासून तिने त्याला नुसतं तीर्थ पाजायला सुरुवात केली होती. शेजारची सुरभी दारव्ह्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिने परोपरीने समजावलं. धनीबाईचं उत्तर एकच, "मॅडम, मागच्या गावी बाबानं मेलेलं गवत जितं केलं. मंग माहा माणूस काहून नाही उठणार?"

म्हणून सुरभी आज तयारीनेच आली होती.

"बाबा, बाकांजवळचं हे मऊ लॉनही वाळलंय. पंचायतीने नर्सरीतून आणलं होतं. हेही जागवा ना."

बाबांनी डोळे मिटले. "तिथे पापी माणसाची सावली पडली आहे."

"सावली पडली असती तर वाचलं असतं की! उन्हानेच तर जळलं."

हशा पिकला. चेले अंगावर येऊ लागले, तशी सुरभी सरळ पाण्याच्या टाकीमागे गेली. लोक मागोमाग. तिथेही वाळक्या गवतात एक हिरवा चौकोन होता.

"हे कोन्या तीर्थानं झालं?" धनीबाईने विचारलं.

"बोअरच्या पाण्यानं. बाबा कनातीआड तीर्थ शिंपडत होते, तेव्हा मी इथे रोज बादली ओतत होते."

तिने खुरप्याने शेजारचं वाळकं गवत उकरलं. खाली पांढऱ्या, रसरशीत, गाठीगाठींच्या मुळ्या. बाकांजवळ उकरलं, तर मुळांचा नुसता भुगा.

म्हातारे पुंडलिकराव वाकून पाहत होते. त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे, हे तं हरळी हाये! जनमभर कपाशीतून खोदून राह्यलो, मरता मरत नाही. अन् तिलेच जितं केलं म्हून मी नारळ फोडला!"

"मेलीच नव्हती ती, काका. उन्हात वरून वाळते, खाली जिवंत असते. पाणी मिळालं की फुटते. ते नाजूक लॉन मुळासकट मेलं, म्हणून बाबा त्याच्याकडे फिरकत नाहीत."

"श्रद्धा नसेल, तर कृपा..." बाबांचं वाक्य गावाबाहेर पळणाऱ्या जीपमध्येच पूर्ण झालं असावं.

दुपारीच धनीबाईने रूपसिंगला सरकारी दवाखान्यात नेलं. "गोळ्या मधेच सोडल्या की आजार हट्टी होतो," म्हणत डॉक्टर तिच्यावर रागावले, तपासण्या केल्या, पुन्हा औषध सुरू केलं. रूपसिंग वाचला, पण आता चार पावलं चालला तरी त्याला धाप लागते. बाबा दुसऱ्या गावी नवी हरळी शोधत असतील.

आपल्या उन्हात अंगण हिरवं हवं असेल, तर हरळीच लावा. तिला पाणी पुरतं, मंत्र लागत नाही. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर आधी जमीन उकरून पाहा. घरातल्या माणसाच्या गोळ्या त्यानंतरही बंद करू नका.