पाणी आल्याचा कुकारा

मी पाट. पालीच्या बाजारापासून चांगलं आत, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, बांधापासून निघून डोंगराच्या कडेकडेने गोदाच्या आगरापर्यंत, तिच्या सुपारीच्या बागेपर्यंत, जाणारा. आत्ता अंगातून पाणी चाललंय म्हणून बोलायला जोर आहे, पण जीव थाऱ्यावर नाही. का नाही, ते सांगतो.

मी जन्माचाच काळजीखोर. एका अंगाला डोंगराचा जांभा, दुसऱ्या अंगाला नुसती मातीची कड. त्या कडेत कुर्ल्या, म्हणजे खेकडे, भोकं पाडतात. आज करंगळीएवढं भोक, उद्या त्यातून म्हैस जाईल एवढं खिंडार! मग मी निवांत कसा असणार, तुम्हीच सांगा.

मला खोदलं ते याच गावच्या माणसांनी, पहारी घेऊन. काम चोख केलं त्यांनी, फक्त फणसाखालचं वळण कच्चं राहिलं. तिथे मी दोनदा फुटलो. तेव्हा गोदाची सासू मथुरा हिने पऱ्याकाठचा वाळा आणून त्या कडेला ओळीने लावला. वाळ्याची मुळं खोल गेली आणि त्यांनी माती आवळून धरली. मथुरा गेली त्याला जमाना झाला, पण तिथे मी परत कधी फुटलो नव्हतो.

आता इथला रिवाज ऐका. बांधावर रघू असतो. तो फळी काढून पाणी सोडतो. दर आठ दिवसांनी एकेकाची पाळी, दोन तास पाणी. गोदाचं आगर सगळ्यात शेवटी. पाणी चालत जाईपर्यंतच तिची पाळी सरली तर तो अन्यायच की! म्हणून वेळ मोजायची ती पाणी आगरात शिरल्यापासून. पाणी शिरलं की गोदाने कुकारा घालायचा, "आलांऽऽ!" रघूने वरून "होऽऽ" म्हणायचं आणि घड्याळ बघायचं. कुकारा आलाच नाही, तर पाट कुठेतरी फुटलाय असं समजून फावडं घेऊन खाली यायचं. या घळीत मोबाइल लागत नाही, त्यामुळे अजून तसंच चालतं.

पण गावात पाइपाची टूम निघालीय. गेल्या वर्षी मी दोन जागी गळलो आणि बैठकीत ठरलं, यंदा पाट एकदा जरी फुटला तरी पाइप टाकायचा आणि याला बुजवायचं. पहिला हात रघूनेच वर केला. त्याचे गुडघे धरलेत, त्याला तरी काय दोष देऊ? पण त्या दिवसापासून कुर्ली हलली तरी मी दचकतो.

आणि गेल्या शनिवारी, ऐन गोदाच्या पाळीला, रत्नागिरीच्या कॉलेजची वीस-बावीस पोरं माझ्या कडेने वनस्पती बघायला आली.

खोटं कशाला बोलू, आधी मला बरंच वाटलं. गवत म्हणून ज्यांना कोणी विचारत नाही, ती माझी ब्राह्मी, माझा माका, दगडाच्या खाचेतले नेचे, सगळ्यांना पोरं वाकून वाकून बघत होती. हरिश्चंद्र सर एकेकाचं नाव सांगत होते. ऋत्विक नावाचा एक द्वाड पोरगा दर झाडाला विचारी, "सर, हे परीक्षेला आहे का?"

"तू पास होणार आहेस का, ते आधी सांग," सर म्हणाले. पोरं खिदळली.

मग सर जे बोलले, त्याने माझं पाणी पाणी झालं असतं, पण पाणी अजून यायचं होतं. "प्रत्येकाने एक नमुना घ्या," ते म्हणाले, "मुळासकट."

हुदा नावाची मुलगी फणसाखाली बसली आणि तिने खुरप्याने वाळ्याचा एक गड्डा काढला. मुळांना नाक लावून ती ओरडली, "सर, वाळा! माझी नानी माठात टाकते!"

झालं! वाळा माठात टाकतात हे कोकणातल्या पोरांना सांगावं लागत नाही. नमुना राहिला बाजूला. कोणाला माठासाठी हवा, कोणाला आईच्या कपाटासाठी. बघता बघता मथुरेची सगळी ओळ पिशव्यांत गेली. मी आतल्या आत ओरडत होतो, अरे बाबांनो, ती माझी पाठ आहे! पण मला कसला आलाय आवाज.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. सर कौतुकाने कुकाऱ्याचा रिवाज सांगायला लागले. ते पुरं व्हायच्या आत ऋत्विकने तोंडाभोवती हात धरले आणि घळ दणाणून सोडली, "आलांऽऽ!"

वरून रघूचा आवाज आला, "होऽऽ!"

पोरांनी टाळ्या पिटल्या. मेल्यांनो, टाळ्या कसल्या पिटताय! पाणी फणसापर्यंतसुद्धा पोचलं नव्हतं. तिकडे रघूने घड्याळ बघितलं असणार आणि सावलीत पाय लांब केले असणार. आता मी फुटलो तरी तो यायचा नव्हता. तशात पोरंही पुढे जाऊन डबे उघडून बसली.

पाणी आलं. वळणावर थबकलं. मुळं उपटलेल्या खड्ड्यांत शिरलं, आणि कड हळूहळू बसायला लागली. आधी मूठभर माती गेली, मग घमेलंभर. मला बुजवलेलं दिसायला लागलं हो डोळ्यांपुढे.

हुदा विसरलेलं खुरपं न्यायला परत आली नसती, तर मी आज बोलत नसतो. तिने एक नजर टाकली आणि तिचा चेहरा उतरला. पिशवीतला गड्डा काढून तिने भोकात कोंबला. पाण्याने तो भिरकावून दिला. तेव्हा ही पोर सरळ त्या खिंडारात पाठ लावून बसली.

"सर! ऋत्विक! या लवकर!"

सगळे धावले. कोणी दगड आणले, कोणी ओंजळीने चिखल. ऋत्विक बांधाकडे तोंड करून ओरडला, "ओ काकाऽऽ!"

"होऽऽ!" रघू म्हणाला आणि गप्प बसला.

ऋत्विक रडकुंडीला आला. "काय ओरडू आता? माझ्यामुळे त्यांना वाटतंय, पाणी पोचलं."

चिखलात बसलेल्या हुदाने मान वर केली आणि घसा फाडून ओरडली, "नाय आलांऽऽ!"

इतक्या वर्षांत हे शब्द माझ्या कानावर कधी पडले नव्हते. मग वरून फळी बसवल्याचा आवाज आला आणि रघू लंगडत, फावडं घेऊन उतरला. खालून कोरडा पाट चढत गोदाही आली. सत्तरीची बाई, धापा टाकत होती.

"कोणी काढलान वाळा?" तिने विचारलं.

"मी पहिला काढला, आजी," हुदा म्हणाली. "मला माहीत नव्हतं."

"चूक माझी आहे," सर म्हणाले. "मुळासकट काढा, असं मीच सांगितलं."

गोदाने दोघांकडे पाहिलं. "ऊठ गो बाय, गारठशील. नि पिशव्या उघडा सगळ्यांनी. माझ्या सासूचा वाळा हाय तो."

पिशव्या उघडल्या. गोदा जागा दाखवत गेली, पोरं लावत गेली, रघूने फावड्याने माती चोपली.

"फुटला तो फुटलाच, गोदा," रघू म्हणाला. "बैठकीत सांगावां लागंल मला."

"सांग की. पण माझी पुढली पाळी बघ नि मग सांग."

रघूने फावड्याचा चिखल निपटला. मग म्हणाला, "शेवटाक पाणी गेला तर बोलायचा नाय मी. नाय गेला तर पाइप."

ती पुढची पाळी म्हणजे आज. हुदा सकाळच्या एसटीने एकटीच आलीय. गोदाजवळ आगराच्या तोंडाशी उभी आहे. पाणी आत्ता फणसाखाली पोचलंय. दोन गड्डे वाळून गेलेत, बाकीच्यांना हिरवी टोकं आहेत. कड पाझरतेय. थेंब थेंब पडतोय बाहेर. धर बाबा, धर! नव्या मुळांत कितीसा जोर असणार?

धरलं. पाणी पुढे गेलं. आता कोकमाच्या झाडाखाली, आता गोदाच्या दगडी गडग्यापाशी, आणि शिरलं! शिरलं पोफळींत!

"आलांऽऽ!" गोदाचा चिरका आवाज आणि त्यात हुदाचा कोवळा.

वरून "हो" आलं नाही.

त्यांनी परत कुकारा घातला. तरी नाही. रघूचा आता कुकाऱ्यावर विश्वास उरला नाही, हे मला कळलं. त्याला तरी काय म्हणू?

तेवढ्यात माझ्या कडेवर काठीचा आवाज आला. रघू येत होता. दुखऱ्या गुडघ्यांनी, एकेक पाऊल टाकत, बांधापासून सगळा पाट चालत. फणसाखाली थांबून त्याने ओली कड अंगठ्याने दाबून बघितली. वाकून हिरवं टोक बघितलं. मग आगरात आला आणि त्याने पोफळीच्या बुंध्याशी पाण्यात हात बुडवला.

हात तसाच पाण्यात ठेवून, रिकाम्या बांधाकडे तोंड करून म्हातारा ओरडला, "आलांऽऽ!"