निळ्या पानावरच्या चार ओळी

मित्रांनो, मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. संगणकाच्या पडद्यावर चित्रे उमटवणे हे माझे काम. सध्या जिंतूरच्या एका वाचनालयात, टेबलाच्या खणात गंजक्या टाचण्यांशेजारी पडून आहे. माझी हकीकत ऐकण्याजोगी आहे का, मला खात्री नाही.

पुण्याच्या एका ऑफिसात मी सहा वर्षे राबलो. कौतुक झाले. नवे कार्ड आले आणि मला विकले. जिंतूरच्या धम्मशीला नावाच्या मुलीने घेतले. येलदरी धरणाच्या पाण्यातल्या एका माशावर ती तीन मिनिटांची फिल्म करत होती. शनिवारपर्यंत पाठवली, तरच ॲनिमेशनच्या कॉलेजात प्रवेश मिळणार होता.

तिच्याकडे संगणक नव्हता, म्हणून काम वाचनालयात चाले. तिथल्या संगणकावर लिनक्स ही प्रणाली होती. तिच्यावर मला नीट कामाला लावायला माझ्या कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे एक प्रोग्राम, घालावा लागतो. तिने तो घातला, मागितला तसा पासवर्ड ठरवला. संगणक पुन्हा सुरू होताना निळे पान आले. त्यावर इंग्रजीत चार ओळी होत्या. बाहेरचा ड्रायव्हर आला आहे, आत घ्यायचा असेल तर कळ दाबा, पासवर्ड द्या.

ग्रंथपाल तात्याराव शेजारीच होते. जुन्या संगणकावर निळे पान आले की मशीन मेलेच, एवढे त्यांना ठाऊक.

"वायर काढ आधी. जळायलंय ते."

"काका, कायतरी लिहिलंय त्याच्यावर."

"घर पेटल्यावर पाटी वाचत बसतीस का?"

तिने वायर काढली. असे चारदा झाले. मग मला उपटून संगणक सुरू केला. निळे पान तेव्हाही आले, पण दोघे खाली वाकून सांडलेला स्क्रू शोधत होते. दहा सेकंद वाट पाहून ते पान आपोआप गेले.

"बघ, कार्डच सडकं हाय," तात्याराव म्हणाले. मलाही ते खरे वाटले.

माझ्याविना, संगणकाच्या स्वतःच्या बळावर, फिल्मच्या एकेका चित्राला वीस मिनिटे लागली. शनिवार उलटला तेव्हा मासा पाण्याखालीच होता. प्रवेश हुकला.

दोन महिन्यांनी तिने कुठेतरी त्या पानाविषयी वाचले.

"काका, कार्ड चांगलं होतं. ते परवानगी मागायलतं."

"मग जरा मोठ्यानं मागायचं की."

ती हसली नाही. आता ती एका दुकानात लग्नपत्रिका जुळवते. त्याला माझी गरज लागत नाही.

मित्रांनो, आम्हाला मोठ्याने मागता येत नाही. आम्ही लिहून मागतो. तुम्ही घाबरलात तरी हात वायरीकडे नेण्याआधी तेवढे वाचा. त्या खोलीत सहा हजार पुस्तके होती, आणि त्यांतली बहुतेक तात्यारावांनी वाचलेली होती.