राखाडी शर्ट

पुतण्या उत्तमच्या लग्नाला पंधरा दिवस उरले होते आणि प्रमोदिनीबाई नेमक्या न्हाणीत घसरल्या. पाय प्लास्टरमध्ये गेला. आता विद्याधरराव झाशीहून पुण्याला एकटेच जाणार, तेही ऐन मे महिन्यात. शेजारीण समजूत घालायला आली, "भाभीजी, चार दिन की तो बात है." बाई नुसत्या हसल्या. त्यांना काळजी होती ती नवऱ्याच्या कपड्यांची, आणि ती शेजारणीला सांगण्यासारखी नव्हती.

कारण विद्याधररावांना रंग कळत नसत. लाल, हिरवा, तपकिरी, गुलाबी, सगळ्यांचा नुसता गोंधळ. तरुणपणी रेल्वेत इंजिन ड्रायव्हर व्हायला निघाले होते. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं आणि स्वारी तिथून थेट स्टोअरच्या कारकुनीत येऊन बसली. घरी सांगितलं, उंची कमी पडली. खरं काय ते फक्त बायकोला ठाऊक. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला त्यांनी मोठ्या हौसेनं 'हिरवी' साडी आणली, ती निघाली चांगली विटकरी. बाईंनी ती हिरवी म्हणूनच नेसली. दर पाडव्याला नेसत आल्या, आणि दर पाडव्याला हे म्हणत, "हिरवा तुला खुलतो."

तेव्हापासून रोज सकाळी खुर्चीवर कपडे काढून ठेवायचं काम बाईंचं, आणि झाशीच्या प्रेम नगर वस्तीत टापटिपीचा माणूस म्हणून नाव मात्र नवऱ्याचं! पण पुण्यात ही खुर्ची कोण मांडणार? तिथं कुणी यांच्याकडे बघून तोंडाला पदर लावला तर?

मग त्यांनी पलंगावर बसून बेत आखला. तीन पँटी, चार सुती शर्ट, एक कुर्ता, आणि कुठलाही शर्ट कुठल्याही पँटवर शोभलाच पाहिजे.

"तो पांढरा आणा. आता निळा. अहो, निळा! त्याच्या शेजारचा."

"हा?"

"तो टॉवेल आहे."

हसता हसता बॅग भरली. पांढरा, आकाशी, फिकट पिवळा, बारीक निळ्या रेघांचा आणि लग्नासाठी चंदेरी गावच्या कापडाचा कुर्ता. खाली करडी, गडद निळी आणि तपकिरी पँट. उन्हाची लू लागू नये म्हणून बाजूच्या कप्प्यात कांदाही गेला. "आता डोळे मिटून हात घाला," बाई म्हणाल्या. "निघेल ते घाला. चुकूच शकत नाही तुम्ही."

जायच्या दिवशी ते आंघोळीला गेले तेव्हा बाईंनी बॅग जवळ ओढून शेवटचा हात फिरवला. तळाशी कागदात गुंडाळलेला एक कोरा शर्ट होता. गुलाबी! होळीच्या गुलालासारखा लखलखीत गुलाबी!

"अगं, ते उघडलंस का?" विद्याधरराव दारात उभे, केस ओले. "सदर बाजारातून मीच आणला. राखाडी. तूच म्हणतेस ना, राखाडी सगळ्यावर जातो? म्हटलं, हिच्या पायाला आराम, तर एक तरी कपडा आपला आपण घ्यावा."

"दुकानदाराला विचारलंत?"

"रंग? छे! कधी विचारलाय मी?"

खरं ते बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हाताऱ्याचा चेहरा असा फुलला होता, की त्यांनी शर्टाची घडी पुन्हा नीट केली. साऱ्या जन्मात हा माणूस पहिल्यांदा स्वतःच्या हिमतीवर शर्ट घेऊन आला होता.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण ही तपकिरी पँट काढा आणि कपाटातली ती शेवटची आणा."

"का गं?"

"तपकिरी उन्हात तापते."

शेवटची पँट पांढरी होती.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.

"प्रमोदिनी, शर्ट गुलाबी आहे म्हणे."

"कोण म्हणालं?"

"उत्तमच म्हणाला. काका, पांढऱ्यावर गुलाबी, काय झकास दिसताय! पोरांनी फोटो काढले. त्याच्या सासऱ्यांनी दुकान विचारलं." मग ते म्हणाले, "तुला माहीत होतं. पँट म्हणून बदललीस."

"रागावलात?"

"छे गं." मग हळूच, "आणि ती पाडव्याची साडी? हिरवीच आहे ना?"

"म्हणजे काय! हिरवीच."

"बरं. मग त्यावर मॅचिंग ब्लाउज कुठलं घालतेस?"

"विटकरी," बाई बोलून गेल्या, आणि जीभ चावली.

पलीकडे विद्याधरराव इतके हसले, की त्यांना खोकला आला. बाईही हसल्या, आणि हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले.

"प्रमोदिनी," खोकला थांबल्यावर ते म्हणाले, "याही पाडव्याला तीच नेस. हिरवा तुला खुलतो."