टपावरची खिडकी

ट्रकच्या अड्ड्यावर सगळे तिला क्लीनरबाई म्हणत. लग्न झाल्यापासून ती नवऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसून गावोगाव हिंडली होती. टायर ठोकून हवेचा अंदाज घ्यायचा, गाडी मागे घेताना "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत हात हलवायचा, ही कामं तिचीच. गेल्या वर्षी एका उतारावर ट्रक उलटला आणि हे सगळं थांबलं. दोघांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण पुढची काच मातीत रुतली होती, दोन्ही दारं चेपून बसली होती आणि पत्रा कापायला माणसं येईपर्यंत ती अंधारात नवऱ्याच्या अंगाखाली दबून पडली होती. त्यानंतर ती केबिनमध्ये चढली नाही. घरातही बाथरूमची कडी लावायची तिनं सोडून दिली.

नवऱ्यानं कधी बोलून दाखवलं नाही. एकटा जाई, एकटा येई. मग एक दिवस जेवताना म्हणाला, "टपाला खिडकी बसवून घेतोय. काचेची, उघडता येणारी. मोडीत काढलेल्या एका गाडीची मिळालीय."

"आपल्या म्हाताऱ्या ट्रकला?"

"वर आभाळ दिसेल. आणि वेळ पडली तर बाहेर पडता येईल."

ती दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत गेली खरी, पण नुसतं बघायला.

पत्रा ठोकणाऱ्या डेंटरच्या शेडमध्ये ट्रकच्या उजव्या बाजूला, जेमतेम दार उघडेल एवढ्या अंतरावर, नुकतीच रंगवलेली एक मोटार उभी होती. बाकावर जुन्या चादरीत ती खिडकी ठेवली होती: काळी चौकट, धुरकट काच, भोवती रबर. डेंटर ट्रकच्या डाव्या दाराला लाकडी घोडी लावून तिच्यावर उभा होता. त्यानं बोटाच्या पेरांनी टप वाजवून पाहिला. एका जागी आवाज बदलला तसा तो म्हणाला, "इथं आतून आडवी पट्टी आहे. तिला धक्का लावायचा नाही, सगळा टप तिच्यावर उभा आहे." मग त्यानं पट्टीच्या पुढे खडूनं चौकोन आखला.

करवतीचं पातं लगेच मोडलं. दुसरंही मोडलं. "जुना पत्रा आहे बाबा, हल्लीच्यासारखा डब्याचा नाही," असं म्हणत त्यानं ग्राइंडर उचलला.

"ठिणग्या आत पडतील ना?" तिनं विचारलं.

"वहिनी, सीटवर ओलं पोतं टाकलंय. तुम्ही तिकडे खुर्चीवर बसा बघू निवांत."

कापलेला पत्रा खाली आदळू नये म्हणून नवरा आत चढला आणि दोन्ही हातांनी टप धरून उभा राहिला. शेजारच्या मोटारीच्या ओल्या रंगावर कीस उडायला नको, म्हणून त्यानं काचही वर केली. उजव्या दाराचं आतलं हँडल केव्हाच तुटलेलं होतं. काच खाली करून हात बाहेर काढायचा आणि बाहेरच्या हँडलनं दार उघडायचं, अशी त्या ट्रकची रीत होती. डावं दार तर घोडीनं अडवलेलंच होतं. हे सगळं तिच्या ध्यानात आलं. पण सांगायचं कुणाला? एकदा तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितं, असं म्हणून ते हसले असते. ती खुर्चीवर बसली नाही, एवढंच. उजव्या दारापाशी उभी राहून काचेतून बघत राहिली.

ग्राइंडर किंचाळू लागला. एक बाजू कापून झाली, मग दुसरी. टपातून ठिणग्यांची धार आत पडत होती. नवऱ्यानं चष्म्याआड डोळे मिटून मान मागे टाकली होती. तिसरी बाजू संपत आली तेव्हा तिला सीटच्या मागे काहीतरी निळसर हलताना दिसलं. आधी तिला ती धूळ वाटली.

मग तिनं ओळखलं, तो धूर होता. मागे झोपायची जुनी गादी होती. आणि गादीच्या पायथ्याशी डिझेलचा कॅन. तो तिथं ठेवायची सवय तिनंच लावली होती.

ती ओरडली, पण स्वतःचाच आवाज तिला ऐकू आला नाही. तिनं काचेवर थापा मारल्या. नवऱ्यानं डोळे उघडले, मागे पाहिलं आणि काच उतरवायला वाकला. काच अडकली. तो खोकू लागला. त्याचं तोंड काचेला लागलं आणि काचेवर वाफ धरली. ते तोंड बघून तिचे पाय पुढे यायचे ते मागे सरकले. पाठ आणि दोन्ही पंजे मोटारीला टेकले, ओल्या रंगाला चिकटले, तेव्हा ती थांबली.

मग पुढे होऊन तिनं बाहेरचं हँडल धरलं; ते दार वर उचलून ओढावं लागायचं. पहिल्यांदा ते हललंच नाही. दुसऱ्यांदा दार निघालं आणि नवरा तिच्या पायाशी पडला.

गादीला आता जाळाची जीभ फुटली होती. कॅन आतच होता. नवरा जमिनीवर कुशीवर पडून खोकत होता, डेंटर अजून वरच होता. ती आत चढली. कशी चढली ते तिला नंतर सांगता आलं नाही. कॅन हाताला लागला, गरम होता. तिनं तो ओढून घेतला, आणि तेवढ्यात मागे दार आपल्याच वजनानं धाडकन मिटलं.

डोळ्यांत धूर, नाकात जळका वास, अंगावर तोच अंधार. आपण वर आहोत की खाली, तेही कळेना. कॅन पोटाशी धरून ती सीटवर गोळा होऊन बसली आणि दारावर थापा मारायचंही विसरली.

टपातल्या चौकोनाच्या तीन बाजूंना उजेडाची रेघ होती. त्या फटीतून धूर निघताना डेंटरनं पाहिलं. ग्राइंडर टाकून त्यानं पहार खुपसली आणि सगळा भार देऊन पत्रा वर वाकवला. भसकन धूर वर गेला, उजेड आत पडला. तेवढ्यात नवऱ्यानं बाहेरून दार उघडलं आणि तिला दंडाला धरून खाली खेचलं. डेंटरनं भोकातून बादलीमागून बादली ओतली. गादी विझली.

तिघंही जमिनीवर बसले.

"कॅन मी आधीच काढायला हवा होता," नवरा म्हणाला.

"आणि दाराचं हँडल? वर्षानुवर्षं उद्या करू, परवा करू. ते राहिलं, आणि मला आभाळ दाखवायला निघालात."

त्यानं कॅन उचलून शेडबाहेर नेऊन ठेवला.

डेंटर वरमला होता. "वहिनी, चूक माझी. म्हणाल तर पत्रा परत जोडून देतो, टप होता तसा करून देतो."

"नको. काच बसवा," ती म्हणाली. "पण आधी दाराचं हँडल."

हँडल बसलं. ते तिनं स्वतः आतून-बाहेरून इतक्यांदा फिरवून पाहिलं, की डेंटर म्हणाला, "आता तुमच्याच हातानं तुटायचं ते." मग कापलेल्या कडा कानशीनं घासून गंजरोधक रंग मारला. वरून चौकट बसली, आतून कडं आवळलं. रबराखाली चिकट लेप भरला आणि तो सुकेपर्यंत तिघं मोटारीच्या रंगावर उमटलेले तिचे पंजे पुसत बसले.

पाण्याची परीक्षा घ्यायची होती. वरून नळी सोडायची आणि आत बसून कुणीतरी गळतंय का बघायचं. नवरा उठला तशी ती म्हणाली, "मी बसते."

दोन्ही दारं सताड उघडी ठेवून ती बसली. काचेवर पाणी फुटलं. एका कोपऱ्यातून थेंब पडला. तिनं सांगितलं, डेंटरनं स्क्रू आवळला. मग तिनं एक दार लावलं, हँडलवर हात ठेवून. दुसरं लावायला तिला बराच वेळ लागला.

निघताना तिनं नवऱ्याला ट्रक हळू चालवायला सांगितलं. पहिल्याच वळणावर तिनं त्याला थांबवलं, खाली उतरली, रस्त्याच्या कडेला वाकून श्वास घेतला. तो इंजिन बंद करून बसून राहिला. थोड्या वेळानं ती पुन्हा चढली.

"भीती वाटते?" त्यानं विचारलं.

"वाटते," ती म्हणाली. "तुम्ही समोर बघा."